उलट्या लवेचं जॅकेट

पुढारी, वकील आणि पोलीस या तिघांचं माप एकाच टेपनं घेतलं जातं, हे बाहेरच्या माणसाला लवकर खरं वाटत नाही. माझं दुकान जालन्यात, मस्तगडात. बेचाळीस वर्षं गळ्यात टेप आहे. पहिली काही वर्षं उस्तादांच्या हाताखाली काजं करण्यात गेली, बाकीची कात्री चालवण्यात. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून सुई बंद आहे, पण कापायला अजून मीच बसतो. चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेलं कापणं उसवता येत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी हसलोच. शिंप्याचे अनुभव ते काय असणार? कुणाची कंबर वाढली, कुणाची घटली. पण एका जॅकेटाबद्दल मी आजवर कुठं नीट बोललेलो नाही. कोर्टात बोललो, पण तिथं विचारतील तेवढंच सांगायचं असतं. उरलेलं इथं सांगून टाकतो.

आधी थोडं धंद्याबद्दल. वकिलांचा कोट काळा का, तर कायद्यानं ठरवलाय म्हणून काळा. तिथं शिंप्याला काही डोकं चालवायचं नाही असं वाटतं, पण नवा वकील येतो आणि म्हणतो, मास्तर, कॉलर जरा बारीक ठेवा, हल्ली रुंद चालत नाही. म्हणजे रंग कायद्याचा आणि कॉलर फॅशनची. बाई वकील आल्या तेव्हा तर मला नव्यानं शिकावं लागलं. साडीवर कोट घालायचा म्हणजे डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या येतात, त्यामुळं डावा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, थोडा मोठा कापावा लागतो. हे मला जोशी वकीलबाईंनी शिकवलं. पहिला कोट त्यांनी तीनदा परत आणला होता. चौथ्यांदा घातला, हात वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "आता युक्तिवाद करता येईल."

पुढाऱ्यांचं वेगळं. त्यांचा कपडा कायदा ठरवत नाही, तरी सगळे एकसारखेच दिसतात. मी धंद्यात आलो तेव्हा टोपी सुटत आली होती. मग सफारी आली, गेली. मग खादी, मग लिनन, मग बिनबाह्यांचं जॅकेट. पुढाऱ्यानं घातलं की कार्यकर्ता घालतो, कार्यकर्त्यानं घातलं की नवरदेव घालतो. नवरदेवापर्यंत पोचेस्तोवर पुढाऱ्याचं बदललेलं असतं.

एका निवडणुकीत एक उमेदवार माप देऊन गेले, पण रंग काही सांगेनात. म्हणाले, "मास्तर, तिकीट कोन्या पक्षाचं भेटून राह्यलं ते ठरू द्या, मंग रंग कळवतो." अर्ज भरायची मुदत दुपारी तीनची. शेवटच्या दिवशी साडेअकराला त्यांचा फोन आला. मी कापड आणलं, अस्तराला फाटा दिला आणि अडीच तासांत जॅकेट उभं केलं. तीनला दहा कमी असताना ते कचेरीच्या पायऱ्या चढले. फोटोत त्यांची सगळी बटणं लावलेली आहेत, कारण जॅकेट उघडं टाकलं असतं तर आतली कच्ची शिवण लोकांनी पाहिली असती. वेळ कायद्यानं ठरवली, रंग पक्षानं ठरवला आणि घाम मात्र माझा निघाला. त्यांची अनामत गेली, पण जॅकेट अंगावर बराबर बसलं होतं.

आता त्या दुसऱ्या जॅकेटाकडं येतो.

आमच्या भागात एक पुढारी आहेत. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही आण्णाच म्हणतो. कपड्यांची त्यांना जाण होती. एका हिवाळ्यात त्यांनी खजुरी रंगाचं कॉर्डरॉयचं जॅकेट माझ्याकडून शिवून घेतलं आणि ते असं शोभलं की महिन्याभरात लोक त्या कापडाला आण्णा-जॅकेटचं कापड म्हणायला लागले. मग आण्णांनी कार्यकर्त्यांसाठी चाळीस नग सांगितले. सभेत सगळे एका रंगात दिसले पाहिजेत, हा हुकूम.

कॉर्डरॉय म्हणजे उभ्या रेघांचं, मखमलीसारखं मऊ कापड. त्याला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, खालून वर फिरवला तर खरखरीत. गंमत अशी की उजेडात, लव खाली असलेला तुकडा जरा फिका दिसतो आणि लव वर असलेला तोच तुकडा गडद. म्हणून एका जॅकेटाचे सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवून कापायचे, हा अगदी पहिल्या वर्षाचा धडा.

चाळिसावं जॅकेट आण्णांच्या पुतण्याचं होतं. अविनाश नाव त्याचं. कापडाचं थान संपत आलं होतं. दुसऱ्या थानाचा रंग किंचित वेगळा निघाला असता, म्हणून मी उरलेल्या कापडातच फिरवून फिरवून पाहिलं. डाव्या पाठीचा तुकडा उलटा ठेवला तरच बसत होता. मी ठेवला आणि कात्री चालवली. काज-बटणाचं काम माझी बायको सुमन करते. तिनं जॅकेट हातात घेतलं, पाठीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "अवो, ही डावी पाठ उलटी हाय."

"पाठ कोण बघतंय?" मी म्हणालो.

"मागून चालणारा बघतो की."

मी पाठ आत जाईल अशी जॅकेटाची घडी घातली आणि ते देऊन टाकलं. पण एक केलं. आमच्या मापाच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. त्यावर माप, कापडाची टाचलेली चिंधी आणि खाली शेरा. माझे उस्ताद म्हणायचे, "गलती कपडे में छुपा लो मियाँ, किताब में मत छुपाना." गिऱ्हाईक परत आलं तर आपण काय करून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक असावं, एवढाच त्याचा अर्थ. मी अविनाशच्या पानावर लिहिलं, 'डावी पाठ उलटी. कापड कमी.'

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गजानन सर आले. तीर्थपुरीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं हळू. साखरपुडा ठरला होता, मुलगी परतूरची. त्यांनी मोबाइलवर आण्णांचा फोटो काढून दाखवला. "मास्तर, अगदी अस्संच पाहिजे."

मी म्हणालो, "सर, हे आण्णांचं जॅकेट म्हणून लोक वळखतेत. तुमी सरकारी मानूस."

ते हसले. "कपड्याला कुठं पक्ष असतो मास्तर? तिला हा रंग आवडला, बास."

मी नवं थान फोडलं आणि जॅकेट शिवलं. सगळी लव खाली, एक रेघ इकडची तिकडं नाही. गिऱ्हाईक भला माणूस होता आणि नवरदेव होता. त्या जॅकेटाचा मला अभिमान होता.

साखरपुड्याच्या दिवशीच आण्णांच्या कार्यकर्त्यांचा एका तहसील कचेरीवर मोर्चा होता. सर परतूरहून कार्यक्रम उरकून परत निघाले होते. रस्ता अडला, गाडी थांबली. पुढं किती वेळ लागेल ते बघावं म्हणून ते खाली उतरले आणि गर्दीच्या कडेनं चालत कचेरीपर्यंत गेले. तेवढ्यात दगड सुटला. खिडकी फुटली आणि आत बसलेल्या एका कारकुनाच्या कपाळात काच गेली. पोलीस धावले तसे कार्यकर्ते पांगले. पळता पळता त्यांनी जॅकेटं काढून काखेत मारली. ते त्यांना सवयीनं सुचलं. सरांना सुचलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते साखरपुड्याचं जॅकेट होतं. शिवाय ते पळालेही नाहीत. आत कुणी रडत होतं म्हणून ते खिडकीशी गेले होते. पोलिसांना खजुरी जॅकेटातला एक माणूस फुटक्या खिडकीपाशी सापडला.

चौथ्या दिवशी जामीन झाला. पण सरकारी नोकर दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबन होतंच. वर शेरा पडला की शिक्षक असून राजकीय मोर्चात सामील. निलंबनातही हजेरी द्यावी लागते आणि सरांना हजेरीचं ठिकाण मिळालं परतूर. ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि त्याच गावात त्यांना रोज सही करायला जावं लागे. बसस्टँडवरून पंचायत समितीकडं जायचा रस्ता मुलीच्या घरासमोरून जात होता, असं त्यांनीच पुढं मला सांगितलं.

मोर्चाची क्लिप दुसऱ्याच दिवशी गावभर फिरली. दुकानात माझ्या मोबाइलवरही आली. दगड मारणारा पाठमोरा दिसत होता. चेहरा नाही, नुसती पाठ आणि उचललेला हात. कडक ऊन होतं. मी क्लिप थांबवली. पाठीची उजवी बाजू फिकी, डावी गडद, आणि मधोमध शिवण. सुमन माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हे तर आपलं चाळिसावं," ती म्हणाली.

मी मोबाइल उपडा ठेवला. "गप ऱ्हा. सावली हाय ती."

त्यानंतर दिवसभर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी गप्प राहिलो. का राहिलो, ते आता लिहितो. पहिला महिना भीती होती. आण्णांशी वैर घेऊन या गावात दुकान चालवणं सोपं नाही, आणि पोलिसांच्या वर्दीचं कामही माझ्याकडं होतं. पण भीती फार काळ टिकत नाही, तिची सवय होते. त्यानंतर जे उरलं ती लाज होती. सगळ्या शहरात मी कॉर्डरॉयचा कारागीर म्हणून मिरवत होतो. दुसऱ्या दुकानातले पोरगे मला लव कशी ओळखायची ते विचारायला येत. मी उलटा तुकडा कापला आणि पुढाऱ्याच्या पुतण्याच्या गळ्यात घातला, हे माझ्याच तोंडानं सांगायचं? माझं मन म्हणायचं, निरपराध माणूस आहे, कोर्ट सोडेलच. कोर्ट कसं चालतं हे मला काय ठाऊक नव्हतं? निम्म्या वकिलांचे कोट मीच शिवले होते.

सर अधूनमधून दुकानावरून जात. सुरुवातीला थांबायचे, चहा घ्यायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, माझं जॅकेट पोलिसांनी मुद्देमालात जमा केलंय. त्याची इस्त्री मोडली असंल." मी म्हणालो, "आल्यावर करून देतो."

अशी दीड वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात जोशीबाई नव्या कोटाच्या ट्रायलला आल्या. सरांची केस त्यांच्याकडंच आहे हे मला माहीत होतं. मी तोंडात टाचण्या धरून बाहीची उंची लावत होतो. आरशात बघत त्या म्हणाल्या, "मास्तर, गजानन सरांची केस आता साक्षीवर आली. कालपासून म्हणतोय, बाई, मी गुन्हा कबूल करून टाकतो. एकदाचं संपू दे. त्याला किती समजावलं, कबूल केलंस तर नोकरी कायमची गेली. ऐकतच नाही. थकलाय."

तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला बोलावं लागत नाही. ही सोय मी आयुष्यभर वापरली. त्या दिवशी मी एकेक टाचणी काढून उशीवर खोचली आणि बाईंना क्लिप उघडायला सांगितली.

सगळं ऐकून त्या कोटाच्या एकाच बाहीनिशी खुर्चीवर बसल्या. क्लिप त्यांनी पुन्हा लावून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात येणार?"

"येतो."

"मी तुम्हाला फक्त सरांच्या जॅकेटाबद्दल विचारीन. मला तेवढं पुरे आहे. पण दुसरं जॅकेट कोणाचं, हे सरकारी वकील विचारतील. तिथं काय सांगायचं ते मी शिकवणार नाही. खरं तेच सांगा, एवढंच म्हणेन."

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी आण्णा दुकानात आले. एकटे, गाडी कोपऱ्यावर ठेवून. बातमी त्यांना कुठून लागली हे मी विचारलं नाही. सुमन आतल्या खोलीत बटणं लावत होती.

"माप घ्या मास्तर," आण्णा म्हणाले. "बारीक झालो जरा."

मी छाती घेतली, कंबर घेतली. गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची असतात, नाहीतर कॉलर आवळते. माझी दोन बोटं त्यांच्या गळ्यावर होती तेव्हा ते बोलले.

"उद्या कोर्टात जाऊन राह्यले म्हणे."

"हो."

"जा की. सर सुटू द्या. चांगला मानूस हाय, माझा बिलकुल इरोध न्हाई. त्याचं जॅकेट ते न्हाई, एवढं सांगा. मंग कुनाचं, असं कुनी इचारलं तर चाळीस जॅकेटं होती, कुठं ध्यानात ऱ्हातंय? बराबर?"

त्यांच्या बोलण्याबरोबर गळ्याची घाटी माझ्या बोटांखाली वरखाली होत होती. मला आकडा दिसेना.

"वही हाय का अजून तुमची?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"जुन्या वह्यांना वाळवी लागती," आण्णा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. आवाज चढला नाही की डोळे मोठे झाले नाहीत. मी वहीत त्यांच्या मापाचे आकडे लिहिले तर गळ्याची जागा रिकामीच राहिली होती.

खरं सांगतो, मला त्यांचं म्हणणं पटलं. सर सुटतील, माझी चूक अर्धीच उघडी पडेल आणि गावात मान ठेवून राहता येईल. सगळ्यांचंच भलं. सकाळी निघताना वही मी मुद्दाम कपाटात ठेवली आणि सुमनला म्हणालो, "डबा दे, लई येळ बसावं लागंल."

कोर्टाच्या बाकावर बसलो होतो. मागच्या बाकांवर आण्णांची तीन-चार माणसं खजुरी जॅकेटं घालून बसली होती. दिवस उकाड्याचे होते, तरी जॅकेटं घातलेली. सर पुढं उभे होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी चष्म्यासाठी पिशवीत हात घातला तर डब्याच्या खाली वहीचा कणा हाताला लागला. सुमननं ठेवली होती. मला एका शब्दानं न सांगता. मी पिशवीचं तोंड धरून तसाच बसून राहिलो आणि माझ्या नावाचा पुकारा झाला.

शपथ झाली. जोशीबाईंनी क्लिप दाखवली, जागेवर थांबवली. मग सरांचं जॅकेट मुद्देमालातून काढून माझ्या हातात दिलं. घड्या पडून त्याचा पार चोळामोळा झाला होता.

मी न्यायाधीशांना म्हणालो, "साहेब, हे खिडकीशी न्यायला परवानगी द्या."

त्यांनी मान हलवली. मी जॅकेट उन्हात धरलं. दोन्ही पाठी सारख्या. मी लवेबद्दल सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. न्यायाधीश स्वतः खुर्चीतून उठले, जॅकेटावरून हात फिरवून पाहिला आणि पडद्यावरच्या पाठीकडं बघत राहिले.

सरकारी वकील उठले. "ती सावली असू शकते."

"न्हाई साहेब. सावली माणसासंगं हलती. क्लिप पुढं चालवा. तो वाकला तरी गडद रंग शिवणीवरच थांबतो. बराबर मधल्या शिवणीवर."

क्लिप दोनदा चालवली. रंग शिवणीवरच थांबला.

"किती वर्षं शिंपीकाम करता?"

"बेचाळीस."

"आणि बेचाळीस वर्षांनंतर लव उलटी कापलीत?"

कोर्टात हसू फुटलं. दारात उभे असलेले दोन तरुण वकीलही हसले, त्यांच्या अंगावर माझेच कोट होते. ज्या गोष्टीला मी इतके दिवस घाबरत होतो ती हीच होती, आणि ती घडून संपायला एक घोटभर पाणी प्यायला लागतं तेवढाच वेळ लागला.

"कापली," मी म्हणालो. "कापड कमी पडलं. बायकोनं सांगितलं तरी ऐकलं न्हाई."

"मग ते जॅकेट कोणाचं?"

हाच तो प्रश्न. मागच्या बाकावर एकानं घसा साफ केला. 'चाळीस जॅकेटं होती' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या हातातल्या जॅकेटाकडं बघत होते आणि नकळत स्वतःच्या शर्टाची घडी हातानं सारखी करत होते.

"वही बघून सांगतो साहेब," मी म्हणालो. "बाकावरच्या पिशवीत हाय."

शिपायानं पिशवी आणून दिली. मी पान उघडलं. खजुरी चिंधी अजून टाचलेली होती, टाचणीला गंज आला होता. मी माप वाचलं, शेरा वाचला आणि शेवटी नाव वाचलं. मागच्या बाकावरचे एक-दोघे उठून बाहेर गेले. न्यायाधीशांनी वही ठेवून घेतली, मला पोचपावती दिली.

काही आठवड्यांनी सर निर्दोष सुटले. अविनाशवर आता वेगळं प्रकरण चालू आहे, त्याबद्दल मी इथं लिहिणं बरं नाही. आण्णांनी मला काहीही केलं नाही. दुकानावर दगड आला नाही की कुणी धमकी दिली नाही. फक्त पुढच्या सभेत आण्णा साध्या पांढऱ्या शर्टात आले. महिन्याभरात अख्ख्या भागातली खजुरी जॅकेटं पेट्यांमध्ये गेली आणि ते कापड दुकानदारांकडं पडून राहिलं. पुढाऱ्यांचं काम माझ्याकडं येणं बंद झालं. वकिलांचं सुरू आहे. काहीजण अजून मापाला उभे राहताना विचारतात, "मास्तर, लव बरोबर आहे ना?" काळ्या कोटाला लव नसते, तरी विचारतात. मी हसून घेतो.

नोकरीवर परत रुजू झाल्यावर एका रविवारी सर दुकानात आले. पेढे घेऊन आले होते. सुमननं त्यांना बसायला लावलं, चहा टाकला. ते पहिल्यासारखेच हळू बोलत होते, केस मात्र कानाजवळ पांढरे झाले होते. परतूरच्या मुलीचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणाले, "तुमी कोर्टात आले नसते तर मी कबूल करून बसलो असतो. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत."

त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला.

"एक इचारू का मास्तर? ते जॅकेट तुमचं हाय, हे तुमच्या ध्यानात कवा आलं? जोशीबाईंनी क्लिप दाखवली तवा?"

सुमन चहाचे कप घेऊन दारातच थांबली. हो म्हणालो असतो तर ते उठून माझ्या पाया पडले असते. तेवढं खोटं कुणालाच कळलं नसतं, एका सुमनशिवाय.

"न्हाई सर," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी. क्लिप मोबाइलवर आली तवाच."

त्यांना आधी ते कळलंच नाही असं वाटलं. मग त्यांनी हळूच पेढ्यांच्या पुड्यावरचा हात काढून घेतला. उठले. सुमनला म्हणाले, "वहिनी, चहा नको." दारापाशी जाऊन वळले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग पावणेदोन वर्षं काय शिवून राह्यल्ते तुमी?"

ते गेले. उत्तर मला पाठ होतं. त्या पावणेदोन वर्षांत मी खजुरी कॉर्डरॉयची आणखी बावीस जॅकेटं शिवली. प्रत्येक तुकडा दोनदा हात फिरवून तपासला आणि एकाचीही लव उलटी जाऊ दिली नाही.